खव्याच्या भट्टीवर बसवलेला थर्मोइलेक्ट्रिक जनरेटर: वापरून सांगतो

वस्तू कोणती, ते आधी. भट्टीवर किंवा मोठ्या चुलीवर बसवायचा, पाण्यानं थंड होणारा, उष्णतेपासून थेट वीज करणारा छोटा जनरेटर. पेटीवर ३० वॅट छापलंय. ऑनलाइन साडेसहा हजाराला पडला. माझं मत असं: ज्या ठिकाणी आग रोज सलग पाच-सहा तास जळते आणि शेजारी पाण्याची टाकी आहे, तिथं ही वस्तू कामाची आहे. घरच्या चुलीसाठी घेऊ नका. आणि ३० वॅट डोक्यातून काढून टाका, नऊ धरून चाला.

मी भूमला मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. पाणबुडी मोटर, स्टार्टर, कडबाकुट्टीची मोटर, हाच रोजचा धंदा. मामाची खव्याची भट्टी इथूनच जवळच्या वाडीवर आहे. आमच्या या पट्ट्यात दुधाचा खवा करून विकणं हे शेतीच्या बरोबरीचं काम आहे. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, त्यामागं अशा भट्ट्या रोज पेटलेल्या असतात. चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा पडतो. म्हणजे जाळ भरपूर, आणि त्यातला बराचसा भट्टीच्या भिंतीतून आणि तोंडातून वाया जातो.

मामाची अडचण विजेचीच होती, पण थोडी निराळी. जाळाला वारा द्यायला भट्टीला विजेवरचा ब्लोअर आहे. लाइट गेली की ब्लोअर बंद, जाळ बसतो, ओलसर बाभळीचा धूर कढईवर येतो आणि दुधाला धूर लागतो. तो वास खव्यात उतरला की व्यापारी भाव पाडतो. संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला लाइट जाणं हे आमच्याकडं नवीन नाही. मी मामाला वॅट आणि व्होल्ट समजावून सांगायला लागलो तर मामा म्हणाला, "आरं, ते वॅट-बिट ऱ्हाऊ दे. लाइट गेल्यावर वारा चालू ऱ्हातोय का नाही, तेवढं सांग." परीक्षणाची कसोटी मीही तीच धरली आहे.

आता ही वीज होते कशी ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय फसवणूक टळत नाही. काही मल्टीमीटरबरोबर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र) तापमान मोजायची एक पातळ वायर येते, तिच्या टोकाला मण्यासारखा जोड असतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा तिथं जोडलेल्या असतात. तो जोड तापला आणि दुसरी टोकं गार राहिली की त्या तारांत बारीकसा व्होल्टेज तयार होतो, मीटर तोच वाचतो. १८२१ साली थॉमस योहान झेबेक यांना हे बर्लिनमध्ये दिसलं. दोन धातूंचं कडं करून एक जोड तापवला, तर शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. त्यांना वाटलं हे चुंबकत्व आहे. तारेतून प्रवाह वाहतो म्हणून सुई हलते, हे ओर्स्टेड यांनी दाखवून दिलं. पुढं १८३४ साली पेल्टिए यांना उलटा प्रकार सापडला: प्रवाह सोडला की एक जोड गार होतो, दुसरा गरम. छोट्या वॉटर डिस्पेन्सरमध्ये गार पाण्यासाठी जी पांढरी चौकोनी चकती असते, ती याच तत्त्वावर चालते.

साध्या तारांत हा व्होल्टेज अगदीच किरकोळ असतो. म्हणून जनरेटरच्या चकतीत बिस्मथ टेल्युराइड नावाच्या पदार्थाचे बारीक ठोकळे असतात, एक पी जातीचा, एक एन जातीचा (तापले की एकमेकांच्या उलट दिशेनं व्होल्टेज देणारे), अशा जोड्या, दोन चिनी मातीच्या पातळ फरश्यांमध्ये दाबून बसवलेल्या. या पदार्थातून वीज बऱ्यापैकी वाहते, पण उष्णता फारशी वाहत नाही. एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवायची असेल तर असाच पदार्थ लागतो. एका जोडीला अंशामागं व्होल्टचा साधारण अडीच हजारावा भाग मिळतो. १२७ जोड्या एकापाठोपाठ जोडल्या आणि दोन बाजूंत १०० अंशांचा फरक ठेवला की पाच व्होल्टच्या आसपास येतात. हिशोब स्वतः करून बघा, जुळतो.

म्हणजे वीज दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकातून येते, नुसत्या उष्णतेतून नाही. विकणारे जाळाचे फोटो टाकतात, लालबुंद निखारे दाखवतात. गार बाजूचा फोटो कुणीच टाकत नाही. आणि वॅट फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात चालतात: फरक निम्मा झाला की वीज पाव होते. पेटीवरचे ३० वॅट हे गरम बाजू ३०० अंश आणि गार बाजू ३० अंश धरून काढलेले असणार, हिशोब तसाच जुळतो. आता मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणीच चाळीसच्या जवळ गेलेलं असतं, तिथं गार बाजू ३० वर कुठून राहणार?

माझ्या मोजणीत असं आलं. भट्टी पूर्ण पेटल्यावर चकतीखालची प्लेट २०५ अंश, गार ठोकळा ५० अंश, फरक १५५. दोन चकत्या सिरीजमध्ये आहेत. काहीच जोडलं नसताना साडेनऊ व्होल्ट. वायरवाउंड रेझिस्टन्सचा लोड (वीज खाणारा भार) लावून जास्तीत जास्त वीज कुठं मिळते ते शोधलं तर पावणेपाच व्होल्ट आणि दोन अँपिअरला थोडे कमी, म्हणजे नऊ वॅटच्या वर. थंडीत पहाटेच्या गार पाण्यावर हाच आकडा बारापर्यंत जातो. बूस्टरमधून (व्होल्ट वाढवणारं सर्किट) बारा व्होल्ट करून घेतल्यावर हातात आठच्या आसपास उरतात. फरकाच्या हिशोबानं हे बरोबर आहे, वस्तू त्या अर्थानं खोटी नाही. पेटीवरचा आकडा मात्र आपल्या हवामानाचा नाही, आणि तो कुठल्या तापमानाचा आहे हे पेटीवर कुठंही छापलेलं नाही. ही गोष्ट मला खटकते. शेतकऱ्याला, भट्टीवाल्याला माल विकताना आकड्याशेजारी दोन तापमानं छापायला काय लागतं?

याहून मोठी फसवणूक सुट्या चकत्यांत चालते. चाळीस बाय चाळीस मिलिमीटरची एसपी१८४८ नावाची जनरेटर चकती बाजारात खूप दिसते. तिच्या माहितीत १०० अंशांच्या फरकाला ४.८ व्होल्ट आणि ६६९ मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. दोन्हीचा गुणाकार करून लोक सव्वातीन वॅट समजतात. पण व्होल्ट काहीच न जोडलेल्या उघड्या तारांचे आहेत आणि अँपिअर दोन तारा थेट एकमेकींना जोडून शॉर्ट केल्यावरचे. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. लोड नेमका जुळवला तर व्होल्टही निम्मे, अँपिअरही निम्मे, म्हणजे हाती येतो गुणाकाराचा पाव भाग: पाऊण वॅटला थोडं जास्त. दुसरं, टीईसी१-१२७०६ ही गार करायची चकती जनरेटर म्हणून खपवतात. नंबरातले १२७ म्हणजे जोड्या, ०६ म्हणजे सहा अँपिअर. तिच्यावर वीज होतेही, पण स्वस्तातल्या चकत्यांचं आतलं सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळतं. भट्टीवर ती एक संध्याकाळसुद्धा टिकायची नाही. घेण्याआधी चकतीचा नंबर विचारा, आणि गरम बाजूला किती अंश चालतं ते लेखी घ्या. या जनरेटरमधल्या चकत्या छप्पन्न मिलिमीटरच्या, जास्त तापमानाच्या खऱ्या जनरेटर चकत्या आहेत, हे तपासून सांगतो. या बाबतीत माल चोख निघाला.

बांधणीबद्दल मात्र मला तक्रार आहे. नवीन वस्तू खोलून बघायची माझी सवय, म्हणून एकदा लावून बघितल्यावर लगेच खोलला. जाळाकडं जाणारी बिडाची प्लेट उत्तम आहे, जाड, तोंड मशीनवर घासून सपाट केलेलं. तिच्यावर चकत्या, चकत्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ ठोकळा, त्यातून पाणी फिरतं. पण पांढरी थर्मल पेस्ट चकतीच्या मध्यावर गोळ्यासारखी लावलेली आणि कडा कोरड्या. चार बोल्टांपैकी एक नुसत्या बोटानं फिरत होता. जिथं पेस्ट नाही तिथं हवा, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही, म्हणजे चकतीचा तेवढा भाग फुकट. मी स्पिरिटनं पुसून सगळं साफ केलं, जुन्या सिमकार्डाच्या कडेनं पेस्टचा पातळ थर सारखा ओढला, बोल्टांना स्प्रिंग वॉशर घातले आणि मोटरचं कव्हर बसवताना आवळतो तसे समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले. एकाच बाजूनं आवळत गेलं तर चिनी मातीची फरशी तडकते. सुरुवातीला जसा आला तसा लावून बघितला होता तेव्हा सहा वॅट मिळत होते, या कामानंतर त्याच जाळावर नऊ. तीन वॅट म्हणजे आमच्या पंख्याची अख्खी गरज. ते कारखान्यातल्या घाईनं खाल्ले होते. विक्रेत्याला फोटोसह कळवलं, उत्तर आलं की माल परत पाठवा. बोल्ट आवळायला पार्सल कोण करतो? पण ज्याच्याकडं पाना-मीटर नाही त्यानं काय करायचं, याचा विचार त्यांनी करायला हवा.

पाण्याची जोडणी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. नऊ वॅट वीज मिळवायची तर चकत्यांतून दोनशेतीस वॅटच्या आसपास उष्णता जावी लागते, म्हणजे चार टक्के वीज होते आणि बाकीची सगळी पाण्यात उतरते. २०५ आणि ५० अंश या दोन तापमानांत अगदी आदर्श यंत्रसुद्धा ३२ टक्क्यांच्या पुढं जाऊ शकत नाही, आणि आजच्या चकत्या त्याच्या पुष्कळ मागं आहेत. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या कनिष्क बिस्वास यांच्या गटानं २०२१ मध्ये सिल्व्हर-अँटिमनी-टेल्युराइड या उष्णतेपासून वीज करणाऱ्या पदार्थावर फार चांगलं काम छापलंय. तसलं काही बाजारात चकती होऊन आलं तर आमच्यासारख्यांना नक्की उपयोग होईल. आज दुकानात मिळतं ते बिस्मथ टेल्युराइडच.

पेटीतल्या कागदावर वीस लिटरची बादली आणि एक छोटा पंप दाखवलाय. असं करू नका. एवढ्या उष्णतेनं वीस लिटर पाणी तासाभरात दहा अंशांनी तापतं, तीन तासांत गार बाजू गार राहतच नाही, आणि पंप स्वतः दोन-तीन वॅट खातो. आम्ही दोनशे लिटरचा ड्रम कट्ट्यावर उंच ठेवला, खालच्या बाजूनं पाइप ठोकळ्यात आणि ठोकळ्यातून वर परत ड्रममध्ये. गरम झालेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार पाणी खाली येतं, सोलर हीटरमध्ये होतं तसंच. पंप काढून टाकला. एवढ्या पाण्यात तासाला जेमतेम एक अंश वाढतो. पाइपात कुठंही वर-खाली वळण ठेवू नका, हवा अडकते आणि पाणी फिरायचं थांबतं. पाणी थांबलं आणि जाळ चालू राहिला तर चकती संपली म्हणून समजा. हे सगळं पाणी वायाही जात नाही. पाण्याची किंमत आम्हाला वेगळी सांगायला नको. दुधाचे कॅन आणि कढया धुवायला कोमट पाणी लागतंच, ते ड्रमच्या वरच्या नळानं घ्यायचं आणि तेवढंच गार पाणी खाली भरायचं. मामीला विचारलं कसं वाटतंय, तर म्हणाली, "बाबा, कॅनचा चिकटा गार पाण्यानं निघत नव्हता. मला तर ह्येच लई झालं."

बोअरचं पाणी आमच्याकडं जड आहे, क्षार धरतो. ठोकळ्यात थर बसला की गार बाजू हळूहळू तापायला लागते आणि वीज घटते. लिंबूसत्त्वाचं पातळ पाणी थोडा वेळ फिरवून धुतलं की आकडा परत जागेवर येतो. शक्य असेल तर ड्रममध्ये पावसाचं पाणी भरा.

विजेचं आम्ही काय करतो? बारा व्होल्टचा संगणकातला पंखा एका दोन इंची लोखंडी पाइपच्या तोंडाशी, जाळापासून लांब बसवला. पाइपचं दुसरं टोक भट्टीच्या जाळीखाली. पंखा तीन वॅट घेतो. विजेवरच्या ब्लोअरएवढा जोर त्याला नाही, पण जाळ बसू देत नाही, आणि धूर कढईकडं यायचा थांबला आहे. मामाच्या कसोटीला वस्तू इथं उतरली. उरलेले पाचेक वॅट सहा अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत जातात. भट्टी सहा तास चालली की तीसेक वॅट-अवर साठतात, त्यावर पाच वॅटचा बल्ब रात्री पाच-सहा तास. भट्टी पेटवताना प्लेट गार असते तेव्हा पंखा बॅटरीवर सुरू होतो. ही बॅटरी पेटीत येत नाही, वेगळी घ्या, तिच्याशिवाय हा जनरेटर अर्धवट आहे. सोबत दिलेल्या यूएसबी सॉकेटवर थेट मोबाइल लावला तर जाळ कमी-जास्त होईल तसं चार्जिंग लागतं आणि तुटतं. बॅटरीतून चार्ज केला की ही कटकट नाही.

सोलरशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. तेवढ्याच पैशात पन्नास वॅटचं पॅनल, कंट्रोलर आणि छोटी बॅटरी येते. आमच्याकडच्या उन्हात ते पॅनल दिवसाला दोनशे वॅट-अवर सहज देतं, हा जनरेटर भट्टीच्या सहा तासांत पन्नासही देत नाही. ज्याला फक्त घरात बल्ब आणि मोबाइल हवा आहे त्यानं डोळे झाकून सोलर घ्यावं. गॅस जाळून यावर वीज करणं तर गॅसची नासाडी आहे. पण भट्टीचा हिशोब निराळा आहे. इथं जाळ दुधासाठी पेटवलेलाच असतो, लाकूड वेगळं लागत नाही. श्रावणातल्या झडीत आठ-आठ दिवस ऊन नसलं तरी दूध येतंच, भट्टी पेटतेच, आणि जाळ असेल तेव्हा पंख्याला वीज असतेच. पत्र्यावर काजळी इतकी बसते की पॅनल रोज पुसायला माणूस लागेल, हाही मुद्दा आहेच.

दुकानात येणारे विचारतात, टिकेल का? यात फिरणारा एकही भाग नाही, बेअरिंग नाही, ब्रश नाही. १९५० च्या दशकात सोव्हिएत रशियात वीज न पोचलेल्या गावांत रॉकेलच्या कंदिलावर याच तत्त्वाची चकत्यांची माळ बसवून रेडिओ चालवत होते. आब्राम इयोफे या शास्त्रज्ञानं त्यावर मोठं काम केलं. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर यान प्लुटोनियमच्या उष्णतेवर असेच जनरेटर चालवतं. सुरुवातीला तीन मिळून ४७० वॅट होते, वीज दरवर्षी घटत गेली, पण चाळीस वर्षांहून जास्त काळ दुरुस्तीला कुणीही न जाता ते चाललं. तत्त्व भक्कम आहे. भट्टीवर बिघडणार असेल तर पाणी बंद पडून, नाहीतर रोजच्या तापण्या-निवण्यानं बोल्ट सैल होऊन. महिन्यातून एकदा जाळ विझलेला असताना बोल्ट तपासा.

मी पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा तापमान न सांगता छापलेल्या आकड्यासाठी कापला, एक बांधणीतल्या हयगयीसाठी. चकत्या आणि बिडाची प्लेट यांना पूर्ण गुण.

मामाच्या शेजारचा भट्टीवाला आता असाच लावून द्या म्हणतोय. त्याला अख्खी पेटी घ्यायला सांगितलेली नाही. चकत्या चांगल्या विक्रेत्याकडून मागवायच्या, पाण्याचा ठोकळा सुटा मिळतो, आणि जाळाची प्लेट इथल्या लेथवाल्याकडून घासून घ्यायची. पेस्ट आणि बोल्टाचं काम माझ्याकडं. त्याची भट्टी ओढ्याकडच्या बाजूला आहे, विहिरीचं गार पाणी कट्ट्याशेजारीच येतं, त्यामुळं त्याला दहा वॅटच्या वर मिळायला हरकत नाही. ड्रम कुठं ठेवायचा तेवढं जागेवर जाऊन बघायचं राहिलंय.